चेकआऊट केलेल्या फायली सापडत नाहीयेत, सर्व्हर म्हणतो तुझ्याकडेच आहेत

निळी_शाई

मंडळी, मदत हवीये आणि जरा तातडीने हवीये. माझा कामाचा लॅपटॉप मागच्या आठवड्यात बदलून मिळाला, जुना मधेच बंद पडायचा. नव्यावर सगळं बसवलं, व्हर्जन कंट्रोलचा (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारी सिस्टीम) नवीन वर्कस्पेस (सर्व्हरवरच्या फायली माझ्या मशीनवर उतरतात ती जागा) बनवला, लेटेस्ट घेतलं, बिल्ड पण झाला, म्हटलं चला सुटलो. आज एक फाईल चेकआऊट करायला, म्हणजे बदलण्यासाठी उघडायला, गेले तर सांगतोय ही फाईल आधीच चेकआऊट आहे, आणि कुणाकडे तर माझ्याचकडे, जुन्या वर्कस्पेसमध्ये. बघितलं तर अशा एकूण १७ फायली निघाल्या. त्यात माझं जवळपास तीन आठवड्यांचं काम आहे जे मी अजून सबमिट केलं नव्हतं कारण अर्धवट होतं. जुन्या लॅपटॉपचा डेटा म्हणे नव्यावर कॉपी करून दिलाय पण मला त्या फायली कुठेच दिसत नाहीयेत, ज्या दिसतात त्या सर्व्हरवरच्या जुन्या आवृत्त्या आहेत, माझे बदल त्यात नाहीत. पोटात गोळा आलाय अगदी. काय करू?

टिकटिक

जुना वर्कस्पेस आता कामाचा नाही ना, मग त्या १७ फायली रिव्हर्ट मारा, म्हणजे चेकआऊट रद्द करा, लॉक सुटेल आणि नव्यात परत चेकआऊट करा. बदल परत करावे लागतील पण निदान काम सुरू होईल.

रात्रपाळी

नाही नाही नाही. निळी_शाई, कृपा करून रिव्हर्ट, अनडू चेकआऊट, क्लीन, वर्कस्पेस डिलीट यातलं काहीही आत्ता दाबू नका. आधी हात बाजूला घ्या. फायली हरवल्यात असं अजून सिद्ध झालेलं नाही, फक्त तुम्हाला जागा माहीत नाहीये एवढंच झालंय.

तीन गोष्टी सांगा. सिस्टीम कुठली आहे, जुना लॅपटॉप सध्या कुठे आहे आणि पुसला गेलाय का, आणि कॉपी कुठल्या ड्राइव्हवर करून दिलीये.

निळी_शाई

पर्फोर्स आहे. जुना लॅपटॉप हार्डवेअरवाल्यांकडे जमा केलाय, पुसला की नाही माहीत नाही, विचारते लगेच. कॉपी ई ड्राइव्हवर आहे, एक मोठा फोल्डर आहे तारखेच्या नावाचा. आधी माझ्याकडे सगळं डी ड्राइव्हवर असायचं. नव्यात डी नाहीच.

रात्रपाळी

डी होता आणि आता ई आहे, हे वाक्य लक्षात ठेवा, बहुतेक अर्धं उत्तर तिथेच आहे.

विचारताना नुसतं विचारू नका, त्यांना लेखी कळवा की ती मशीन पुसायची नाही, माझं काम त्यावर आहे. हे आधी, बाकी सगळं नंतर.

जुना_खांब

रात्रपाळी बरोबर सांगताहेत. थोडं मागून सांगतो म्हणजे पुढच्या पायऱ्या का करायच्या ते कळेल, नाहीतर नुसत्या कमांड चिकटवत बसलं की एखादी चुकीची पडते.

चेकआऊट म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होतात. एक, सर्व्हरच्या वहीत नोंद होते की अमुक फाईल, अमुक माणसाने, अमुक वर्कस्पेसमध्ये उघडली. दोन, तुमच्या डिस्कवरची प्रत रीड-ओन्ली होती ती लिहिण्याजोगी होते. पुढे तीन आठवडे तुम्ही जे काही टाइप करता त्यातलं एक अक्षरही सर्व्हरला कळत नाही, ते फक्त तुमच्या डिस्कवर. म्हणजे नोंद एकीकडे, माल दुसरीकडे. आणि या दोघांना जोडणारा धागा म्हणजे वर्कस्पेसच्या स्पेसिफिकेशनमधल्या तीन ओळी, रूट (डिस्कवरचा मूळ फोल्डर), होस्ट (मशीनचं नाव) आणि व्ह्यू (सर्व्हरवरचा कुठला भाग डिस्कवर कुठे उतरवायचा). फाईल "हरवते" तेव्हा दहातल्या नऊ वेळा हा धागा तुटलेला असतो, माल जागेवर असतो. लॅपटॉप बदलला, ड्राइव्हचं अक्षर बदललं, कुणी फोल्डरचं नाव बदललं, मशीनचं नाव बदललं, की झालं.

म्हणून फाईल डिस्कवर शोधत फिरण्याआधी सर्व्हरला विचारायचं की तुझ्या मते ती कुठे आहे.

पीफोर ही पर्फोर्सची कमांड. पीफोर ओपन्ड -ए चालवा, म्हणजे सगळ्या वर्कस्पेसमधल्या उघड्या फायली दिसतील, आणि नुसत्या तुमच्या हव्या असतील तर -यू पुढे तुमचं युजरनेम. प्रत्येक ओळीच्या शेवटी नाव ॲट वर्कस्पेस असं येतं. तो वर्कस्पेस घेऊन पीफोर क्लायंट -ओ आणि पुढे त्याचं नाव. ही -ओ वाली कमांड फक्त दाखवते, बदलत काही नाही, निर्धास्त चालवा. त्यात रूट काय आहे, होस्ट काय आहे आणि व्ह्यूखाली किती ओळी आहेत ते इथे टाका, कंपनीची नावं बदलून टाका.

निळी_शाई

केलं. रूट आहे डी:\काम\मुख्य. होस्टमध्ये जुन्या लॅपटॉपचं नाव आहे. व्ह्यूमध्ये दोन ओळी आहेत, एक मोठी आणि एक छोटी, दुसरी कसली आहे आठवत नाही. १७ फायलींमधल्या ३ च्या पुढे प्लस एल असं काहीतरी लिहिलंय, त्या डिझाइनच्या बायनरी फायली आहेत.

जुन्या नावाने काही कमांड चालवायला गेले तर म्हणतो हा क्लायंट फक्त त्याच होस्टवरून वापरता येईल.

आणि हो, हार्डवेअरवाल्यांना कळवलं. मशीन अजून कपाटात आहे, पुढच्या आठवड्यात पुसणार होते. जीव भांड्यात पडला थोडा.

रात्रपाळी

वा. मग आता घाई नाही, सावकाश करू.

प्लस एल म्हणजे ती फाईल एका वेळी एकालाच उघडता येते. बायनरी मर्ज करता येत नाहीत म्हणून ॲडमिन तसं लावून ठेवतात. याचा अर्थ तुमच्या टीममधला कुणीतरी या ३ फायलींसाठी थांबलेला असू शकतो, तर त्यांना पण एक ओळ टाका की सोडवतेय, नाहीतर ते ॲडमिनकडे जातील आणि तो तुमचं चेकआऊट तोडेल.

टिकटिक

मी वर रिव्हर्ट सांगितलं ते चुकीचं होतं, मान्य. पण समजून घ्यायचंय, ॲडमिनने तोडलं तर नुकसान होतं का नक्की? माझा समज होता की फाईल उडते.

जुना_खांब

चांगला प्रश्न आहे, बहुतेकांचा हाच समज असतो. तुम्ही स्वतः स्वतःच्या वर्कस्पेसमध्ये साधा रिव्हर्ट मारलात तर हो, डिस्कवरच्या तुमच्या प्रतीवर सर्व्हरची आवृत्ती येऊन बसते, बदल गेले, विचारत पण नाही. पण ॲडमिन दुसऱ्याच्या वर्कस्पेसमधली फाईल रिव्हर्ट करतो तेव्हा मोठ्या सीचा पर्याय वापरतो आणि त्यात -के आपोआप चालू होतं, म्हणजे फक्त सर्व्हरची नोंद पुसली जाते, डिस्कला हात लागत नाही. लागणार तरी कसा, ती डिस्क त्याच्या मशीनवर नाहीच.

गोची नंतर होते. नोंद गेली, पण तुमच्या डिस्कवर बदललेली फाईल आहे जिला सिस्टीम आता उघडी मानत नाही. मग कुणी पीफोर क्लीन चालवलं की ते बरोबर अशाच फायली धरतं, उघडलेली नाही आणि सर्व्हरपेक्षा वेगळी, चला सर्व्हरसारखी करा. तिथे काम जातं. त्याऐवजी पीफोर रिकन्साइल चालवलं तर त्याच फायली ते शोधून परत चेकआऊटमध्ये घेतं. एकाच प्रकारच्या फायली शोधणाऱ्या दोन कमांड, एक वाचवते आणि एक पुसते, आणि प्रोग्रॅमच्या मेनूत दोन्हींची नावं निरुपद्रवी दिसतात. दोन्हींना -एन लावून आधी नुसतं काय होणार ते बघता येतं, ते नेहमी बघा.

आडवाट

हे वाचून मला राहवत नाहीये म्हणून लिहितोय. आमच्याकडे टीम फाउंडेशनचं व्हर्जन कंट्रोल होतं, गिटवालं नाही, जुनं. एक सहकारी नोकरी सोडून गेला, आणि त्याच्या नावावर चाळीसेक फायली चेकआऊट राहिल्या. ॲडमिनने त्याचा वर्कस्पेसच डिलीट केला, सगळ्यांनी मान्य केलं की काम गेलं, आणि मी दीड महिना बसून ते परत लिहिलं. नंतर कळलं की त्याची मशीन तशीच टेबलाखाली होती आणि फोल्डरमध्ये सगळ्या फायली बदलांसकट पडून होत्या. वर्कस्पेस डिलीट केला म्हणजे सर्व्हरची नोंद गेली होती, माल तिथेच होता. दीड महिना. कुणी एकाने जरी विचारलं असतं की नोंदीत कुठल्या मशीनचं नाव आहे तर ते दहा मिनिटांचं काम होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, परत लिहिण्याच्या कष्टांचं नाही एवढं, त्याने काही गोष्टी फार विचार करून केल्या होत्या आणि माझ्या लिखाणात त्या आल्याच नाहीत याचं.

ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्यासाठी, टीएफ वर्कस्पेसेस ला ओनर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे चांदणी दिली की सगळ्यांचे सगळे वर्कस्पेस मशीनच्या नावासकट येतात, आणि टीएफ स्टेटस ला युजरमध्ये चांदणी दिली की कुणाकडे काय अडकलंय ते. मशीनचं नुसतं नाव बदललं असेल तर अपडेट-कॉम्प्युटर-नेम नावाचा पर्याय आहे, जुनं नाव दिलं की वर्कस्पेस नव्या नावाला जोडून घेतो, काही तोडावं लागत नाही.

रात्रपाळी

दीड महिना. वाचूनच त्रास झाला.

निळी_शाई, आता तुमचं. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून एकेक करा आणि प्रत्येकानंतर थांबा.

पहिलं, ई वरचा तो तारखेचा फोल्डर आहे तसा अजून एकदा दुसरीकडे कॉपी करा, एक्सटर्नल डिस्क असेल तर उत्तम. आता जे काही करू ते दुसऱ्या प्रतीवर, मूळ प्रतीला हात नाही. कॉपी करताना फायलींच्या बदलाच्या तारखा तशाच राहतील असं बघा, पुढे शोधताना त्या तारखाच कामी येतात.

दुसरं, त्यातला काम\मुख्य फोल्डर आत कसा आहे ते बघा, जुन्या रचनेसारखाच असायला हवा, वरखाली काही झालेलं नको.

तिसरं, पीफोर क्लायंट आणि पुढे जुन्या वर्कस्पेसचं नाव, एडिटर उघडेल, त्यात होस्टची ओळ बदलून नव्या मशीनचं नाव आणि रूट बदलून त्या नव्या प्रतीचा पत्ता. ओनर तुम्हीच आहात म्हणून चालेल. रूट बदलला म्हणून सर्व्हर फायली हलवत नाही, तो फक्त पुढच्या वेळेपासून तिथे बघतो, म्हणून फायली आधी तिथे असल्या पाहिजेत.

सिंक, म्हणजे सर्व्हरकडून फायली उतरवणं, करू नका. फक्त पीफोर डिफ -एसए. यात उघड्या फायलींपैकी ज्या सर्व्हरपेक्षा वेगळ्या आहेत किंवा डिस्कवर नाहीतच अशांची यादी येते. ती इथल्या १७ शी ताडून बघा.

निळी_शाई

केलं सगळं, त्याच क्रमाने. होस्ट बदलल्यावर कमांड चालायला लागल्या. डिफ -एसए मध्ये १७ च्या १७ आल्या. मग एकेक उघडून पाहिली, १४ फायली सापडल्या!! माझे बदल आहेत त्यात, शेवटच्या दिवसापर्यंतचे. खरंच खूप खूप धन्यवाद, डोळ्यात पाणी आलं माझ्या.

पण ३ नाहीतच. फोल्डरमध्येच नाहीत. आणि त्या त्याच तीन, प्लस एल वाल्या. सगळ्यात मोठं काम तेच होतं.

जुना_खांब

ती दुसरी ओळ. व्ह्यूमधली छोटी. ती अक्षरशः काय आहे ते टाका, आणि त्या तीनपैकी एका फायलीवर पीफोर व्हेअर चालवा. त्यात तीन पत्ते येतात, सर्व्हरवरचा, वर्कस्पेसमधला आणि डिस्कवरचा. तिसरा हवाय.

निळी_शाई

व्हेअर म्हणतंय रूटच्या आत टेंप_डी नावाच्या फोल्डरमध्ये. हो!! आठवलं आता. डिझाइनच्या फोल्डरची नावं इतकी लांब आहेत की पत्ता २६० अक्षरांच्या वर जात होता आणि विंडोज फाईल घ्यायलाच तयार नव्हतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच ती ओळ टाकली होती की तो आख्खा भाग छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरव. आणि कॉपीमध्ये टेंप_डी फोल्डरच नाहीये. आत्ताच विचारलं, कॉपी करताना टेंपने सुरू होणारे फोल्डर ते वगळतात, कचरा असतो म्हणून.

रात्रपाळी

म्हणजे फायली कपाटातल्या मशीनवर आहेत. जा आणि घेऊन या. मशीन बंद पडते ना मधेच, तर ती चालू करत बसू नका, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायला सांगा आणि फक्त वाचायला जोडा.

कोरा_कागद

मधेच घुसतोय, माफ करा, पण माझं पण याच्यासारखंच आहे, फक्त गिट. दुपारी सहा फायलींवर काम केलं, गिट ॲड केलं (फायली कमिटसाठी तयार करून ठेवल्या), कमिट (पक्की नोंद) राहिला. संध्याकाळी दुसऱ्या ब्रँचवर जायचं होतं, जाऊ देत नव्हतं, तर घाईत रीसेट हार्ड मारला, म्हणजे सगळं शेवटच्या कमिटसारखं केलं. रिफ्लॉग बघितला, त्यात दुपारचं काहीच नाही. गेलं का?

जुना_खांब

गिट ॲड केलं होतं ना, मग गेलेलं नाही. रिफ्लॉगमध्ये दिसणार नाही कारण रिफ्लॉग हेड (सध्याच्या कमिटकडे बोट दाखवणारी खूण) कुठे कुठे फिरलं त्याची नोंद ठेवतो, आणि तुमचा कमिटच झाला नाही. पण ॲड करता क्षणी गिटने फायलीतला मजकूर ब्लॉब (नुसता मजकूर ठेवणारी वस्तू) करून डॉट गिटच्या ऑब्जेक्ट्समध्ये लिहून ठेवलेला असतो. रीसेटने इंडेक्स (ॲड केलेल्यांची यादी) बदलला, ब्लॉब तिथेच आहे, त्याच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही एवढंच.

गिट एफएसके आणि पुढे लॉस्ट-फाउंड. ते अशा अनाथ वस्तू शोधून डॉट गिटच्या आत लॉस्ट-फाउंड फोल्डरमध्ये ठेवतं, कमिट वेगळ्या खणात आणि बाकीचे अदर नावाच्या खणात. ब्लॉब असेल तर तिथल्या फाईलमध्ये थेट मजकूरच असतो, म्हणजे उघडून वाचता येतो. नावं मात्र मिळणार नाहीत, फायलीचं नाव ब्लॉबमध्ये नसतं, ते ट्रीमध्ये (फोल्डरच्या यादीत) असतं आणि ट्री कमिटच्या वेळी बनतो. नुसते चाळीस अक्षरी हॅश दिसतील. म्हणून दुपारी लिहिलेला एखादा शब्द आठवा, एखाद्या फंक्शनचं नाव, आणि त्या फोल्डरमध्ये तो शोधा. किंवा ऑब्जेक्ट्समधल्या फायली तारखेने लावा, दुपारच्या वेळेच्या कुठल्या ते दिसेल.

आणि तोवर गिट जीसी, म्हणजे साफसफाईची कमांड, चालवू नका. तशीही अनाथ वस्तू साधारण दोन आठवडे ठेवते ती, पण प्रून नाऊ म्हणालात तर लगेच उडवते.

आडवाट

आणि ॲड केलं नसतं तर? माझ्या टीममधली मुलं चेकआऊट डॉट (फोल्डरमधले बदल फेकून देणारी कमांड) मारतात रोज.

जुना_खांब

ॲड न करता चेकआऊट डॉट मारलं तर गिटकडे त्याची प्रतच नसते, गिटकडून काही मिळणार नाही. तेव्हा एडिटरकडे जायचं. व्हीएस कोडमध्ये २०२२ च्या मार्चपासून लोकल हिस्टरी आहे, टाइमलाइनमध्ये प्रत्येक सेव्हची प्रत दिसते, जेटब्रेन्सवाल्यांकडे तर ती फार आधीपासून आहे. व्हिमवाल्यांनी स्वॅप फाईल बघावी, व्हिम -आर.

२०१९ मध्ये गिटने चेकआऊटचे दोन तुकडे केले, ब्रँच बदलायला स्विच आणि फाईल परत आणायला रिस्टोअर. मी सगळ्यांना हात जोडून सांगतो की ते वापरा. एकाच शब्दाने ब्रँच पण बदलायची आणि न विचारता काम पण पुसायचं, हे नवीन माणसाला कळणार तरी कसं.

टिकटिक

माझ्याकडे उलटा प्रकार झाला होता, फाईल गिटमध्ये आहे, लॉगमध्ये आहे, पण डिस्कवर उतरतच नाही. दोन तास गेले. कुणीतरी स्पार्स चेकआऊट (फक्त निवडक फोल्डर डिस्कवर उतरवणं) लावून ठेवलं होतं. गिट एलएस-फाइल्स -व्ही केलं की अशा फायलींपुढे मोठा एस येतो. पुल परत परत करून काही होत नाही, स्पार्स बंद केलं की सगळं उतरतं.

रात्रपाळी

हे चांगलं सांगितलंत, हरवलेल्या फायलीचा हा प्रकार लोकांच्या डोक्यातच येत नाही. याच जातीचा दुसरा म्हणजे नावात फक्त लहान-मोठ्या अक्षराचा फरक असलेल्या दोन फायली. सर्व्हरवर दोन, विंडोजवर एकच उतरते, कारण तिथे दोन्ही नावं एकच मानतात.

निळी_शाई

आले. डिस्क काढून जोडून दिली त्यांनी. टेंप_डी होता, आत दोन फायली मिळाल्या, बदलांसकट. तिसरी पण आहे पण ती जुनीच आहे, माझ्या बदलांशिवाय. बदलाची तारीख चेकआऊटच्या दिवसाची आहे आणि त्यानंतर हातच लागलेला नाही तिला. पण मी चार-पाच दिवस तिच्यावर काम केलंय हे मला पक्कं माहीत आहे.

रात्रपाळी

चेकआऊट केल्यावर तीच फाईल उघडली होती की आधीपासून उघडी होती?

निळी_शाई

आधीपासून उघडी होती बहुतेक. थांबा. हो. उघडून काम सुरू केलं, सेव्ह करायला गेले तर रीड-ओन्ली आहे म्हणाला, मग चेकआऊट केलं... त्याच्या आधी सेव्ह ॲज केलं असेल का मी?

जुना_खांब

केलं असणार, आणि त्यानंतर एडिटर त्या दुसऱ्या प्रतीवरच बसला, चार दिवस तुम्ही तिथेच सेव्ह करत राहिलात. खूप जणांचं होतं हे. फाईल नावाने शोधू नका, नाव वेगळं असू शकतं. त्या डिझाइन प्रोग्रॅमची रिसेंट फायलींची यादी बघा, तिच्यात पूर्ण पत्ता असतो, जुन्या डिस्कवर तुमच्या युजर फोल्डरमध्ये त्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये ती मिळेल. नाहीतर जुन्या डिस्कवर त्याच प्रकारच्या फायली, त्या चार-पाच दिवसांच्या तारखेच्या, एवढंच शोधा.

आडवाट

वाट बघतोय, मिळाली की लगेच लिहा.

तोवर जुना_खांब, तुम्ही क्लिअरकेसवर (आणखी एक व्हर्जन कंट्रोल) काम केलंय ना? तिथे हे कसं असायचं? आमच्या एका जुन्या प्रोजेक्टला अजून तेच आहे आणि एका फायलीपुढे चेक्डआऊट बट रिमूव्ह्ड असं येतंय.

जुना_खांब

बरीच वर्षं केलंय. तिथे नोंद व्हॉबच्या (फायलींच्या मुख्य साठ्याच्या) डेटाबेसमध्ये आणि माल तुमच्या व्ह्यूच्या स्टोअरेजमध्ये, म्हणजे तेच दोन भाग. चेक्डआऊट बट रिमूव्ह्ड म्हणजे नोंद आहे पण व्ह्यूमधली प्रत कुणीतरी पुसलीये किंवा नाव बदललंय. आधी क्लिअरटूल एलएसचेकआऊट -ऑल -मी ने बघा कुठल्या व्ह्यूमध्ये आहे ते. मग व्ह्यू स्टोअरेजच्या डॉट एस च्या आत लॉस्ट प्लस फाउंड नावाची जागा असते, रिकव्हरव्ह्यू चालवलं की अडकलेल्या फायली तिथे येऊन पडतात, नावं विचित्र असतात पण मजकूर तोच. आणि अनको (चेकआऊट रद्द) करण्याआधी ते विचारतं प्रत ठेवू का, हो म्हणा, डॉट कीप नावाने ठेवतं. ही सवय मला फार आवडायची, पुसण्याआधी विचारणं आणि उत्तर नाही दिलं तरी हो धरणं.

याहून जुनं सांगतो. आरसीएस, तेही व्हर्जन कंट्रोलच, १९८२ चं आहे. त्यात दुसऱ्याचं लॉक तोडलं तर ते तोडणाऱ्याला विचारायचं कारण काय, आणि ते कारण ज्याचं लॉक होतं त्याला मेलने जायचं. चाळीस वर्षांपूर्वी हे होतं. आज ॲडमिन एका क्लिकवर चाळीस फायली मोकळ्या करतो आणि ज्याच्या त्याला कळतही नाही. आडवाट यांचा दीड महिना इथे गेला.

टिकटिक

पण लॉक धरून बसणारे पण असतात हो. माणूस महिनाभर रजेवर आणि फाईल त्याच्याकडे अडकलेली, मग बाकीच्यांनी काय करायचं?

जुना_खांब

तोडायचं. मी तोडू नका म्हणत नाहीये. आधी कुठल्या मशीनवर, कुठल्या फोल्डरात आहे ते लिहून घ्यायचं, मग तोडायचं, आणि त्या माणसाला कळवायचं की तुझी प्रत अमुक ठिकाणी आहे, आल्यावर क्लीन करू नकोस. सबव्हर्जनमध्ये पण तसंच. एसव्हीएन स्टेटस -यू केलं की लॉकपुढे अक्षर येतं, के म्हणजे तुमच्याकडे, ओ म्हणजे दुसऱ्या कुणाकडे, आणि तुमचं कुणी तोडलं असेल तर बी. ते बी दिसलं की फाईल बाजूला कॉपी करून ठेवायची आणि मग बोलायचं.

निळी_शाई

मिळाली!!!

डेस्कटॉपवर होती, डेस्कटॉपवर!! नवीन फोल्डर नावाच्या फोल्डरमध्ये, मूळ नावापुढे एक १ लावलेला. रिसेंट यादीत पूर्ण पत्ता होता. शेवटचा सेव्ह लॅपटॉप जमा करण्याच्या आदल्या दिवशीचा आहे. मी ती मूळ नावाने त्या जागेवर ठेवली, उघडून पाहिली, सगळं आहे.

१७ झाल्या. तुम्हा सगळ्यांना कसे धन्यवाद देऊ कळत नाहीये. दोन दिवस नीट झोप नव्हती.

आता पुढे काय करू? नव्या वर्कस्पेसमध्ये आणायच्या आहेत.

रात्रपाळी

खूप बरं वाटलं वाचून.

आता शेल्व्ह. जुन्या वर्कस्पेसमधूनच, तो आत्ता जागेवर आहे तोवर. १७ फायली एका नंबरच्या चेंजलिस्टमध्ये (एकत्र बांधलेल्या बदलांच्या यादीत) घ्या, पीफोर शेल्व्ह -सी आणि तो नंबर. आता तुमचं काम पहिल्यांदा सर्व्हरवर गेलं, सबमिट न होता. खात्री कशी करायची तर पीफोर प्रिंट ने शेल्फमधली एखादी फाईल काढून तुमच्या प्रतीशी जुळवा, निदान त्या तीन बायनरी तरी जुळवाच. जुळल्या की मगच जुन्या वर्कस्पेसमध्ये रिव्हर्ट. टिकटिक यांनी पहिल्या दिवशी सांगितलेला रिव्हर्ट आता करायचा, कारण आता मागे प्रत आहे, आणि तो केल्याशिवाय प्लस एल वाल्या फायली नव्या वर्कस्पेसमध्ये उघडणार नाहीत. मग नव्यात जाऊन अनशेल्व्ह -एस आणि तोच नंबर.

नव्या वर्कस्पेसच्या व्ह्यूमध्ये ती छोट्या नावाची ओळ टाकायला विसरू नका, नाहीतर २६० अक्षरांचा घोळ परत होईल. आणि फोल्डरचं नाव टेंपने सुरू करू नका या वेळी.

निळी_शाई

ओळ टाकली, नाव नुसतं डीझ ठेवलं. शेल्व्ह झालं, तिन्ही बायनरी प्रिंट करून जुळवल्या, बाइट टू बाइट त्याच आहेत. रिव्हर्ट करताना हात थरथरत होता पण झालं. अनशेल्व्ह पण झालं, बिल्ड लागलाय. ज्या सहकाऱ्याला ती डिझाइनची फाईल हवी होती त्याला उद्या सकाळी सबमिट करून देते.

कोरा_कागद

माझे पण मिळाले, सहाच्या सहा. अदर खणात ४१ ब्लॉब निघाले, फंक्शनच्या नावाने शोधलं तर नऊ आले, एकाच फायलीच्या दोन-दोन आवृत्त्या होत्या कारण मी मधे परत ॲड केलं होतं. जुना_खांब, दोन आवृत्त्यांमधली नंतरची कुठली हे कसं ओळखू? लॉस्ट-फाउंडमधल्या सगळ्यांची तारीख आत्ताचीच दिसते.

जुना_खांब

ती प्रत एफएसकेने आत्ता लिहिली म्हणून आत्ताची दिसते. तोच हॅश घेऊन ऑब्जेक्ट्स फोल्डरमध्ये जा, पहिली दोन अक्षरं म्हणजे आतल्या फोल्डरचं नाव आणि उरलेली अडतीस म्हणजे फायलीचं नाव. त्या फायलीची तारीख तुम्ही ॲड केलं त्या वेळेची असेल.

कोरा_कागद

हो, बरोबर. एक २ वाजून १० ची, एक ४ वाजून ३५ ची. नंतरचीच घेतली. कमिट केलं.